पाऊसबागेतली रोपं दरवर्षी का मरतात? खळग्यासाठी देशी झाडं निवडताना होणारी चूक

तक्रार साधारण सारखीच असते. छपराचं पाणी वाहून जाऊ नये, तिथल्या तिथे मुरावं म्हणून अंगणात उथळ खळगा केला. त्यात हौसेने देशी रोपं लावली. जुलैच्या मध्यावर निम्मी पिवळी पडली आणि कुजून गेली. उरलेली दिवाळीपर्यंत छान दिसली, पण एप्रिल-मेमध्ये वाळून काटक्या झाल्या. पुढच्या जूनमध्ये पुन्हा नवी रोपं, पुन्हा तोच प्रकार. तिसऱ्या वर्षी माणूस एकतर खळगा बुजवतो किंवा त्यात जे तण येईल ते येऊ देतो.

मी स्वतः हे दोन वर्षं केलं आहे. दोन्ही वर्षी मला वाटलं की रोपं कमजोर होती. रोपं चांगली होती. मी त्यांना ज्या जागेत लावलं होतं ती जागाच मला समजली नव्हती.

पाऊसबाग, म्हणजे ज्याला सगळे रेन गार्डन म्हणतात ती, तळं नसते. हे वाक्य आपण ऐकलेलं असतं, पण रोपं निवडताना विसरतो. पाणी साठणारी जागा म्हटलं की डोळ्यांसमोर कमळ, पाणकणीस, वेखंड अशी पाणथळ झाडं येतात. ती आणून लावली जातात. पण नीट केलेल्या खळग्यात पाणी फार तर दीड-दोन दिवस थांबतं. जिथे पाऊस चार महिने आणि उरलेले आठ महिने कोरडे, तिथे जुलैत सगळ्यात ओली असणारी ही जागा मेमध्ये अंगणातल्या इतर जमिनीइतकीच कोरडी असते. कधी कधी जास्तच कोरडी, कारण तळाशी बसलेला बारीक गाळ वाळला की त्याची पापडी होते आणि भेगा पडतात. म्हणजे एकाच वाफ्यात वर्षभरात दोन जागा नांदतात, एक डबक्याची आणि एक माळाची. दोन्ही सोसणारं झाडच इथे टिकतं. पाण्यावर प्रेम करणारं झाड शोधायचं नाही. पूरही सोसेल आणि दुष्काळही सोसेल असं शोधायचं.

आता एकेक तपासू या.

मेलेलं रोप आधी उपटून बघा

हे कोणी करत नाही आणि खरं उत्तर तिथेच असतं. पाण्याने गुदमरलेलं रोप आणि तहानेने मेलेलं रोप वरून बरंचसं सारखं दिसतं. दोन्हीची पानं मान टाकतात. भर पावसात मलूल झालेल्या रोपाला वरून आणखी पाणी घालणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यात त्यांचा दोष नाही, कारण पान खरोखरच तहानलेलं दिसतं. मुळं मेल्यावर भोवती पाणी असूनही ते वर चढत नाही.

रोप अलगद उपटा आणि मुळं पाण्यात विसळा. पांढरा, तजेलदार जारवा, म्हणजे बारीक तंतूंसारखी मुळं, दिसला तर मुळं शाबूत आहेत आणि दुखणं दुसरं काही आहे. मुळं तपकिरी, बुळबुळीत असतील, चिमटीत धरून ओढल्यावर साल मोज्यासारखी निघून आत नुसता दोरा राहत असेल, तर ती मुळकूज. मातीला सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर शंकाच नको. तिथे हवा संपलेली आहे. ऑक्सिजन हवेतून जितक्या सहज पसरतो त्याच्या जवळपास दहा हजार पट सावकाश तो पाण्यातून पसरतो. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांनी उरलेला ऑक्सिजन लवकरच वापरून होतो आणि नवा पोचत नाही. ओढ्याकाठच्या कित्येक झाडांच्या मुळांमध्ये हवा वाहून नेणाऱ्या पोकळ जागा असतात, म्हणून ती हा काळ काढतात. बागेतल्या नेहमीच्या झुडपांजवळ ती सोय नसते.

उन्हाळ्यात मेलेल्या रोपाची मुळं कोरडी, ठिसूळ, पण रंगाने फिकट असतात, वास येत नाही आणि पानं कडेकडून करपत आलेली असतात. अशी रोपं जास्त असतील तर तुम्ही तळ्यातली झाडं खळग्यात लावली आहेत.

एका कागदावर खळग्याचा आकार काढा आणि कुठलं रोप कुठे आणि कुठल्या महिन्यात गेलं त्याची फुली मारा. दहा मिनिटांचं काम आहे. मी तो कागद केला तेव्हा पावसात गेलेली सगळी रोपं एका वाटोळ्या तळात आणि उन्हाळ्यात गेलेली पन्हळीच्या पाइपाच्या तोंडाशी आली, आणि मग काही विचारायची गरजच राहिली नाही.

निचऱ्याची परीक्षा, आणि काळ्या मातीचा फसवा खेळ

झाडं बदलण्याआधी पाणी किती वेळात मुरतं ते मोजा. तळात साधारण ३० सेंटिमीटर खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, मुरू द्या, परत भरा. दुसऱ्या-तिसऱ्या भरण्यानंतर पट्टी धरून दर तासाला पाणी किती उतरतं ते बघा. तासाला ५ मिलिमीटर उतरत असेल तर १५ सेंटिमीटर खोल खळगा रिकामा व्हायला तीस तास लागतील, हे ठीक. तासाला २ मिलिमीटरच उतरत असेल तर तीन दिवसांहून जास्त. मग पुढची सर आली की जुन्या पाण्यावर नवं पाणी, आणि पावसाळाभर डबकं. डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत उबदार हवेत साधारण आठवडा पुरतो, त्यामुळे असं डबकं झाडांपुरता प्रश्न राहत नाही.

जमीन काळी असेल तर ही परीक्षा उन्हाळ्यात घेऊ नका. काळी माती वाळली की आकसते, तिला हातभर खोल भेगा पडतात आणि ओतलेलं पाणी त्या भेगांतून गडप होतं. आपल्याला वाटतं, काय सुरेख निचरा आहे! दोन आठवडे पाऊस पडला की तीच माती फुगते, भेगा मिटतात आणि तळ बसल्यासारखा बंद होतो. मी पहिल्यांदा मेमध्ये मोजलं होतं आणि तिथेच फसलो. मोजायचं तर पावसाळ्यात उघडीप मिळाल्यावर मोजा, किंवा जागा दोन-तीन दिवस सतत भिजती ठेवून मगच.

निचरा कमी निघाला तर मूठभर वाळू मिसळून तो सुधारत नाही. चिकण मातीत थोडी वाळू घातली की उलट घट्ट, विटेसारखं मिश्रण तयार होतं. खळगा उथळ करा, १५ ऐवजी ८–१० सेंटिमीटर ठेवा आणि पसारा वाढवा. चांगलं कुजलेलं कंपोस्ट वरच्या थरात मिसळा आणि वाफसा नसताना, म्हणजे माती चिखलासारखी ओली असताना, तिच्यावर पाय देऊ नका. ओल्या काळ्या मातीवर एकदा चालणं म्हणजे महिन्याभराच्या मेहनतीवर पाणी. मुरूम किंवा जांभ्याच्या जमिनीत अडचण उलटी असते. पाणी अर्ध्या दिवसात निघून जातं आणि कंपोस्ट घातलं नाही तर दिवाळीनंतर रोपं तहानेनेच जातात.

खळगा पुरेसा आहे का हेही बघून घ्या. हिशेब सोपा आहे. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. ५० चौरस मीटर छपरावर २० मिलिमीटरची एक चांगली सर आली की १००० लिटर पाणी पन्हळीतून येतं. ८ चौरस मीटरचा १५ सेंटिमीटर खोल खळगा १२०० लिटर धरतो. तुमचा खळगा ३ चौरस मीटरचा असेल तर झाड कुठलंही लावा, ते वाहूनच जाणार. जादा पाण्याला बाहेर पडायची वाट ठेवा, आणि खळगा घराच्या पायापासून निदान तीन मीटर लांब असू द्या.

तळ, उतार आणि बांध

निवडीचा मुख्य भाग इथे आहे. खळग्यात एक नाही, तीन वस्त्या असतात. तळ दोन दिवस पाण्यात उभा राहतो. उताराला पाणी लागतं, पण काही तासांत ओसरतं. भोवतीचा बांध पावसातही फारसा बुडत नाही आणि उन्हाळ्यात सगळ्यात आधी तापतो. नर्सरीत "रेन गार्डनला चालेल" एवढंच सांगून रोप मिळतं. कुठल्या वस्तीत, ते कोणी सांगत नाही. तळातलं रोप बांधावर लावलं की वाळतं, बांधावरचं तळात लावलं की कुजतं, आणि आपण दोघांनाही नावं ठेवतो.

तळासाठी माझी पहिली निवड वाळा. ज्याच्या मुळांचे पडदे आणि सुवास आपल्याला माहीत आहेत तोच. याची मुळं आडवी पसरत नाहीत, सरळ खाली जातात, चांगल्या जमिनीत दोन-तीन मीटरपर्यंत. त्यामुळे पाण्यात उभा राहूनही तो हलत नाही आणि उन्हाळ्यात खालची ओल शोधतो. ठोंब फोडून लावा, एका चौरस मीटरला चार पुरे. लावल्यानंतर पानं वीतभर ठेवून छाटा, नाहीतर वारा ठोंब हलवतो आणि नवी मुळं तुटतात. दुसरं गवत मारवेल. जनावरांचा चारा म्हणून लोक त्याला ओळखतात, पण भारी जमिनीत थोडा काळ तुंबलेलं पाणी आणि नंतरचा लांब कोरडा काळ दोन्ही सोसणारं इतकं सोशिक गवत बागेत कोणी का लावत नाही, हे मला अजून उमगलेलं नाही. ऑक्टोबरच्या तिरप्या उन्हात त्याचे जांभळट तुरे बघा.

तळातलं तिसरं नाव थोडं धाडसाचं आहे, कोळसुंदा ऊर्फ तालिमखाना. पावसाळी डबक्यांच्या आणि भातखाचरांच्या कडेला आपोआप येतो. प्रत्येक पेराशी काटे असतात, म्हणून लहान मुलं खेळतात तिथे नको. पण पाणी ओसरल्यावर त्याला येणारी निळी-जांभळी फुलं आणि त्याच्या पानांवर वाढणाऱ्या पॅन्सी गटातल्या फुलपाखरांच्या अळ्या बघितल्या की काट्यांचं काही वाटत नाही. बी धरलं की तो वाळतो आणि पुढच्या पावसात तिथेच उगवतो.

उतारावर कंदवर्गातली झाडं सोन्यासारखी. रानहळद, गडांबीकंद, आणि सावली असेल तर पेव. पेवाची पानं दांड्याभोवती जिन्यासारखी फिरत वर जातात. भर पावसात लाल कणसातून एकेक पांढरं, कागदासारखं पातळ फूल निघतं. या सगळ्यांची युक्ती एकच आहे. पावसात जगायचं आणि कोरड्या दिवसांत जमिनीखाली झोपायचं. दुष्काळ सोसण्याऐवजी ते तो चुकवतात. मात्र गडांबीकंदाचा कंद विषारी असतो, घरात कुत्रं-मांजर जमीन उकरत असेल तर विचार करून लावा. मोकळ्या जागा भरायला तेरडा. एकदा बी पडलं की पुढच्या वर्षी विकत आणावं लागत नाही. पिकलेल्या शेंगेला बोट लागताच ती वळते आणि बी चारी दिशांना उडतं, उतारावर तर ते आपसूक खालपर्यंत पोचतं.

उताराच्या वरच्या अंगाला आणि बांधावर निर्गुडी आणि धायटी. दोन्ही ओढ्याच्या दरडींवर दिसतात, दोन्ही छाटणी सोसतात. धायटीला थंडी सरताना लाल फुलं येतात आणि शिंजीर पक्षी तिच्यावर तुटून पडतात. तरवड फक्त बांधाच्या माथ्यावर. तो खडकाळ माळाचा आहे, त्याचे पाय ओले राहिले की संपला.

मोठी झाडं खळग्यात नकोत. करंज, अर्जुन, वाळुंज, उंबर ही सगळी नदीकाठची, सगळी अस्सल देशी, आणि सगळी घराशेजारच्या दहा चौरस मीटरसाठी फार मोठी. मुळं पाइपांकडे वळतात.

"देशी" म्हणून आणलेलं देशी आहे का?

कर्दळीच्या शास्त्रीय नावात इंडिका आहे, म्हणून ती भारतातली मानली जाते. ती मूळची अमेरिका खंडातली. पावसाळी लिली म्हणून मिळणारे गुलाबी-पांढऱ्या फुलांचे कंदही तिकडचेच. अंब्रेला पाम आफ्रिका-मादागास्करकडचा. जमीन झाकायला सर्रास दिली जाणारी पिवळ्या फुलांची वेडेलिया अमेरिकेतल्या उष्ण प्रदेशातली, आणि नाल्याकाठी इतकी रुळलेली की गावठी वाटणारी बेशरमही तिथलीच.

असलेली कर्दळ उपटून टाका असं मी म्हणणार नाही, ती पाणी मुरवायचं काम चोख करते. पण नवीन लावताना ती जागा एखाद्या स्थानिक झाडाला द्या, कारण इथल्या कितीतरी किड्यांच्या अळ्या ठरावीक स्थानिक झाडांवरच वाढतात. वेडेलियाबाबत मात्र मी सवलत देणार नाही. तिचा कांड्याएवढा तुकडा पाण्याबरोबर वाहून गेला तरी जिथे अडकेल तिथे रुजतो, आणि आपल्या खळग्याचं जादा पाणी शेवटी ओढ्यातच जातं.

देशी असूनही नको अशीही काही आहेत. पाणकणीस पाणी टिकलं तर सगळा तळ गिळतं. लव्हाळ्याच्या गाठी मातीत एकदा शिरल्या की काय होतं ते कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. हरळी बांधावर माती धरायला उत्तम, पण ती तळाकडे सरकली की कंदांना वर येऊ देत नाही. वेखंड आणि जलब्राह्मी ही गुणी झाडं आहेत, फक्त त्यांना बारमाही ओल लागते. उन्हाळ्यात रोज पाणी घालायची तयारी असेल तरच.

यादी पाठ करण्यापेक्षा एक गोष्ट करा. आपल्या भागातल्या एखाद्या बिनबांधणीच्या ओढ्यावर वर्षातून दोनदा जा, एकदा ऑगस्टमध्ये आणि एकदा एप्रिलमध्ये. दोन्ही वेळा त्याच जागेचे फोटो काढा. ऑगस्टमध्ये पाण्यात अर्धं बुडालेलं आणि एप्रिलमध्येही त्याच जागी तग धरून असलेलं जे दिसेल ते तुमच्या तळाचं झाड. सह्याद्रीतल्या नद्यांच्या खडकाळ पात्रात शेरणी नावाची झुडपं अशी उभी असतात. पानं अरुंद, फांद्या वाकणाऱ्या, मुळं दगडाच्या फटीत घट्ट. पाणी अंगावरून जाऊ देणं म्हणजे काय ते तिच्याकडे बघून कळतं. तिला पात्राखालची ओल उन्हाळ्यातही मिळते, म्हणून घरच्या खळग्यात मी तिला पहिली पसंती देत नाही. पण कुठल्या ठेवणीचं झाड शोधायचं ते ती शिकवते. तिथून झाडं उपटून आणू नका. बी किंवा एखादी काडी पुरते, आणि राखीव जंगलातून तेही नाही.

झाड बरोबर आहे, तरी जातंय

मग लावण्याची वेळ बघा. आपण पहिल्या पावसात सगळं लावतो. बांधाला ते योग्यच आहे. तळाला नाही. जूनमध्ये लावलेल्या रोपाची मुळं पिशवीच्या आकाराबाहेर पडायच्या आत जुलैचं पाणी त्याच्यावर उभं राहतं. तळातली रोपं पावसाच्या दीड-दोन महिने आधी लावा आणि तेवढे दिवस पाणी घाला. उन्हात लावायचं जिवावर येतं, पण मुळांना ती मुदत हवीच.

पिशवीतल्या रोपाभोवती कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचा, गोळा असेल तर तो तसाच चिकण मातीत ठेवू नका. गोळा स्पंजासारखा पाणी धरून बसतो, भोवतीची माती ते शोषत नाही आणि मुळं त्या ओल्या गोळ्यातच कुजतात. हलकं कोकोपीट पाण्याने रोपासकट वर तरंगलेलंही मी बघितलं आहे. निम्मं कोकोपीट झाडून टाका, मुळं मोकळी करा, तिथल्याच मातीत दाबून बसवा.

पन्हळीच्या तोंडाशी रोप कधीच नको. तिथे हाताच्या मुठीएवढे दगड पसरा, पाण्याचा जोर मोडतो. माझी तिथली रोपं उन्हाळ्यात का जात होती? पावसात पाण्याने मुळांजवळची माती धुऊन नेली होती आणि उघडी पडलेली मुळं मेपर्यंत कशीबशी टिकत होती. आच्छादनालाही हेच लागू. वाळका पालापाचोळा तळात घातला तर तो तरंगत एका कोपऱ्यात जमा होतो आणि तिथली रोपं त्याखाली गुदमरतात. तळात बारीक खडी, पाला बांधावर. दरवर्षी पावसानंतर तळात साठलेला गाळ खोडापासून बाजूला करा. दोन बोटं गाळ चढला तरी कोवळ्या खोडाचा बुंधा कुजतो.

आणि मेमध्ये कुदळ हातात घ्यायची घाई करू नका. माझ्या खळग्यातला पेव मी एका वर्षी मेला म्हणून खणून काढला होता. वर काहीच नव्हतं, वाळका दांडा तेवढा. खाली कंद होता, टणक, कापल्यावर आत ओला पांढरा. तो जिवंत होता, फक्त झोपला होता. तेव्हापासून मी प्रत्येक कंदाशेजारी बांबूची एक काडी खोचून ठेवतो, आणि शंका आली तर बोटाने माती सारून कंद दाबून बघतो. मऊ लागला, बोट आत गेलं तर तो गेला. टणक असेल तर माती परत ओढायची आणि पावसाची वाट बघायची. वाळ्याचा ठोंबही असाच. वरची सगळी पानं पिवळी झाली तरी बुडाशी एक पात सोलून बघा, आत हिरवट पांढरा रंग दिसला तर वीतभर ठेवून कापा आणि तसाच राहू द्या.